नऊजणींचा संघ आणि माझी गाडी

दाताच्या डॉक्टरची वेळ घेताना शहाण्या माणसाने त्या दिवशी कॉलेजात प्राध्यापकांची सभा तर नाही ना, एवढं पाहून घ्यावं. मी फक्त दाढेकडे पाहिलं. दाढ काढून परत आलो तेव्हा गालात कापसाचा बोळा होता आणि सभेने एकमताने मला टेनहॉफ कॉलेजचा क्रीडा-प्रतिनिधी नेमलं होतं. बोळ्यामुळे मला निषेध नोंदवता आला नाही. 'विल्मर हॉक्स्ट्रा यांनी मौन संमती दिली,' असं इतिवृत्तात लिहिलेलं आहे.

मी भूगर्भशास्त्र शिकवतो. आयोवात ब्रॅनिगनसारख्या गावात भूगर्भशास्त्र शिकवणं म्हणजे समुद्रकाठी माळीकाम शिकवण्यासारखं आहे, कारण इथे मक्याखाली काय आहे याची कोणाला फिकीर नसते. पण ते असो. क्रीडा-प्रतिनिधीचं काम वर्षातून दोन सह्या करण्याचं, असं मला सांगण्यात आलं होतं, आणि सहा वर्षं ते खरंही होतं.

सातव्या वर्षी, मार्च महिन्यात, मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या कोच रोंडा केसलर माझ्या खोलीत आल्या. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरच्या बुटात, काखेत कुबडी. टाचेची शस्त्रक्रिया झाली होती.

"माझ्याकडे सात मुली उरल्यात," त्या खुर्चीत बसता बसता म्हणाल्या.

त्या मोसमाचा आमचा शेवटचा सामना गावात अजून दबक्या आवाजात सांगितला जातो. आजारपणं, मुरगळलेले घोटे, आणि पाच चुका झाल्या की खेळाडूला बाहेर काढण्याचा नियम, हे सगळं एकाच दुपारी जमून आलं आणि शेवटची चार मिनिटं आमच्या तीनच मुली कोर्टवर होत्या. समोर पाच. आमच्यातली एक बाजूने बॉल आत टाकायला गेली की आत घ्यायला दोघी. मोसम संपल्यावर दोघी दुसऱ्या कॉलेजात गेल्या, एकीला नर्सिंगच्या पाळ्या लागल्या, आणि चौथी प्रेमात पडून ॲरिझोनाला गेली. कोचबाईंची सहायकसुद्धा मोठ्या कॉलेजने उचलली. डीननी कळवलं होतं की पंधरा मेच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत यादीत नऊ नावं नसतील तर पुढच्या वर्षी संघ उतरणार नाही. आणि संघ नाही म्हटल्यावर कोचही नाही, हे पत्रात लिहिलेलं नव्हतं, पण कोचबाईंना वाचता येत होतं. एकोणीस वर्षं त्या तिथे होत्या.

"सटर गावात एक मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "सहा फूट तीन. आणखी कोणी तिला गाठायच्या आत मला जायचंय. हा पाय असा. तुम्ही फक्त गाडी चालवा, प्रोफेसर."

मी हो म्हटलं. त्या वेळी तोंडात बोळाही नव्हता.

पण गाडी चालवणं एवढं सोपं नसतं. नियमपालन कार्यालयातल्या व्हर्ना पोल यांनी मला बोलावून घेतलं. आमचं कॉलेज लहान असल्यामुळे खेळाडूभरतीचे नियम आणि वाहनतळाचे दंड ही दोन्ही खाती व्हर्नाबाईंकडेच आहेत, आणि त्या दोन्हींत त्या भेदभाव करत नाहीत.

"कॉलेजबाहेर मुलीच्या घरी जायचं तर परीक्षा द्यावी लागते," त्या म्हणाल्या. "चाळीस प्रश्न. बत्तीस बरोबर यायला हवेत."

"मी सव्वीस वर्षं परीक्षा घेतोय, व्हर्ना."

"मग पद्धत माहीत असेल. मोबाइल इथे ठेवा."

मला एकोणतीस मिळाले. ही गोष्ट मी बायकोशिवाय कोणाला सांगितली नाही. जोलीनने ती फक्त तिच्या बहिणीला सांगितली. दुसऱ्या दिवशी न्हाव्याने माझ्या मानेला टॉवेल गुंडाळता गुंडाळता विचारलं, "कोणता प्रश्न अवघड गेला?"

फेरपरीक्षेत तेहतीस मिळाले. या दोन परीक्षांच्या मधे सगळ्या गावाला कळलं होतं की हॉक्स्ट्रा मुली शोधतोय, म्हणजे खेळणाऱ्या. त्यानंतर मला एकट्याने कॉफी पिता आली नाही. शेजारचे डेल श्वेंक निवृत्त पोस्टमन. पस्तीस वर्षं या तालुक्यातलं प्रत्येक दार त्यांनी पाहिलेलं, त्यामुळे प्रत्येक दारामागच्या माणसाविषयी त्यांचं मत ठाम.

"उंची बघू नकोस, विल्मर," ते कुंपणावर कोपरं टेकून म्हणाले. "मनगट बघ. माझ्या अख्ख्या वाटेवर उंच माणसांच्या पत्रपेट्याच सगळ्यात वाकड्या होत्या."

"त्याचा मनगटाशी काय संबंध?"

"तेच तर. विचार कर."

समोरच्या ओपल ब्रुनिंग यांचं म्हणणं, मुलीशी बोलूच नये, आईशी बोलावं. चर्चच्या तळघरात रविवारच्या कॉफीला एका आठवड्यात मला चौदा भाच्या-पुतण्या सुचवण्यात आल्या. त्यांतली एक त्रेचाळीस वर्षांची होती, तिला दोन नातवंडं होती. "पण चेंडू काय टाकते," तिचे काका म्हणाले. मी सगळी नावं वहीत लिहून घेतली, कारण न लिहिल्यास माणसं दुखावतात, आणि लिहिल्यास आठवड्याने विचारतात.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आम्ही सटरला गेलो. वाटेत कोचबाईंनी मला समजावलं की बोलायचं त्या बोलतील, मी हसरा चेहरा ठेवून बसायचं. मी आरशात दोनदा चेहरा पाहून घेतला. टाच ठणकत होती म्हणून निघताना त्यांनी वेदनेची एक गोळी घेतली होती आणि अर्ध्या वाटेत, पहिली घेतल्याचं विसरून, दुसरी.

योर्गेन्सनांचं घर शेतात होतं. वडील गेलन डुकरं पाळतात, आई मार्शा शाळेची बस चालवते. मुलगी ब्रिन दारातून वाकून बाहेर आली. ती वाकण्याची सवय असलेली मुलगी होती. फार बोलत नव्हती. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आणखी एक मुलगी पाय हलवत, वाडग्यातलं काहीतरी खात बसली होती. काळेभोर केस, जेमतेम पाच फूट दोन इंच. मला वाटलं शेजारची असेल.

मार्शाबाईंनी कॉफी दिली. कोचबाईंनी फाइल उघडली, "आमचा संघ म्हणजे एक कुटुंब," एवढं वाक्य पूर्ण केलं आणि सोफ्याच्या पाठीवर मान टाकून झोपी गेल्या.

आम्ही सगळे थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिलो. मी हसरा चेहरा ठेवला.

"तुमच्या कोच ठीक आहेत ना?" ओट्यावरच्या मुलीने विचारलं.

"गोळ्या," मी म्हणालो.

"बरं. मग तुम्हीच सांगा. पॉइंट गार्ड कोण खेळतं तुमच्याकडे?"

मला पॉइंट गार्ड म्हणजे काय, हेच नक्की माहीत नव्हतं. मी म्हणालो की त्याबाबत विचारविनिमय चालू आहे. तिने वहीत काहीतरी टिपून घेतलं. हिचं नाव मारिसेला ओरोस्को, ब्रिनची मैत्रीण, शाळेच्या संघात तिला बॉल आणून देणारी, म्हणजे पॉइंट गार्डच. वडील गावातल्या टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात. कोणी कोच आले की ब्रिन तिला बोलावून घ्यायची, कारण ब्रिनला प्रश्न विचारायला जमत नव्हतं.

"मला खेळायला मिळेल का?" ब्रिनने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "की दोन वर्षं बाकावर बसावं लागेल?"

कोचबाई जाग्या असत्या तर त्यांनी काहीतरी गोलमोल सांगितलं असतं. मी म्हणालो, "मुली, आमच्याकडे बाकावर बसायला कोणी शिल्लकच नाही."

गेलन हसले. घरातला ताण जरा सैलावला, पण पुढे काय बोलायचं हा प्रश्न होताच. म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणाच्या कोपऱ्यात बैलाएवढा एक गुलाबी दगड होता.

"हा तुमच्याकडे किती वर्षं आहे?"

"आजोबांनी नांगराला लागला म्हणून ओढून काढला," गेलन म्हणाले. "का?"

इथे माझं चुकलं, असं नंतर सगळ्या गावाने ठरवलं. मी त्या लोकांना अंगणात नेलं. खिशात माझं छोटं भिंग असतं. मी ब्रिनला दगडावरच्या समांतर ओरखड्यांवरून बोट फिरवायला लावलं आणि सांगितलं की हा दगड इथला नाही. उत्तरेकडून, शेकडो मैलांवरून, हिमनदीने घासत घासत आणून टाकलेला आहे, आणि हे ओरखडे त्या प्रवासाचे आहेत. तिने लहानपणापासून त्या दगडावर बसून शाळेच्या बसची वाट पाहिली होती. ती भिंगातून बराच वेळ बघत राहिली.

"मग बाकीचे कुठेयत?" तिने विचारलं. "याच्याबरोबर आलेले?"

सव्वीस वर्षांत एवढा चांगला प्रश्न मला वर्गात कोणी विचारलेला नाही. मी पाऊण तास उत्तर दिलं.

कोचबाई जाग्या झाल्या तेव्हा दोघी मुलींनी कॉलेज बघायला यायचं कबूल केलं होतं. गाडीत त्यांनी मला तीनदा विचारलं की मी काय बोललो. मी म्हणालो, संघाबद्दल बोललो.

"आणि ती छोटी?"

"तीही येतेय."

"येऊ दे. गाडीत जागा असते," कोचबाई म्हणाल्या. छोटीकडे तोवर एकाही कोचने पाहिलं नव्हतं, त्यांत आमच्याही आल्या.

कॉलेजभेटीच्या दिवशी गावाने उत्साह दाखवला. गावाने दुर्लक्ष केलं असतं तर बरं झालं असतं. नियम असा की सही न केलेल्या खेळाडूचं नाव कॉलेजशी संबंधित कोणी जाहीर लावू नये. डेलनी खताच्या दुकानाच्या मोठ्या फलकावर अक्षरं लावून घेतली होती: 'स्वागत ब्रायन.' आणि ओपलबाईंनी दोघींना वाटेतच अडवून घरात नेलं आणि चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, खाऊ घातलं, वर दालचिनीचा रोल.

सोमवारी मी व्हर्नाबाईंसमोर बसलो होतो.

"फलक आधी घेऊ," त्या म्हणाल्या. "काय लिहिलं होतं?"

मी सांगितलं.

त्यांनी यादी पाहिली. "ब्रायन नावाची मुलगी कुठल्याच यादीत नाही. म्हणजे या मुलीची जाहिरात झालेली नाही. पुढे. रोल नुसता होता की चिलीबरोबर?"

"त्याने काय फरक पडतो?"

"नुसता रोल म्हणजे अल्पोपाहार. चिलीबरोबर रोल म्हणजे जेवण. गावकऱ्याने जेवण देणं म्हणजे उल्लंघन."

मी खरं बोललो. "चिली आधी. मग ओपलबाईंनी मुलाच्या लग्नाचे फोटो दाखवले. रोल नंतर आला, वीसेक मिनिटांनी."

व्हर्नाबाईंनी चष्मा काढला आणि डोळे मिटून विचार केला. "मग दोन घटना. दोन फॉर्म."

ते फॉर्म मी माझ्या अक्षरात भरले. 'घटनेची पुनरावृत्ती टाळण्यासाठी कोणती पावलं उचलली' या रकान्यात मी लिहिलं की श्रीमती ब्रुनिंग यांच्याशी बोललो. बोललो होतो. त्यांनी मला उरलेलं चिली डब्यात घालून दिलं. खाली उतरलो तर गाडीच्या काचेवर दंडाची चिठ्ठी होती. तिच्यावर सही व्हर्ना पोल यांचीच, वेळ मी वर जाऊन बसलो त्याच्या पाच मिनिटं आधीची.

मे महिना उजाडला. कोचबाईंनी भिंतीवरच्या पाटीवर आठव्या जागी 'ब्रिन' लिहिलं, नवव्या जागी पेन्सिलीने 'छोटी.' गावात लोक मला हात करू लागले. डेलनी मनगटाचा मुद्दा सोडून दिला.

बारा मे रोजी मला पत्र आलं. कोचबाईंना नाही, मला. ब्रिनने दोन्ही बाजूंनी लिहिलं होतं. त्या दगडाबरोबर आलेले आणखी सहा दगड तिने शेजाऱ्यांच्या शेतांत शोधले होते, त्यांचा नकाशा जोडला होता, आणि नकाशा बऱ्यापैकी बरोबर होता. ती राज्याच्या मोठ्या विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकायला जाणार होती, कारण तिथे या विषयाचे चौदा प्राध्यापक आहेत आणि आमच्याकडे मी. बास्केटबॉल ती सोडत होती. 'मी चौथीपासून खेळतेय, कारण मी उंच होते,' तिने लिहिलं होतं. 'आवडतं का, असं मला कोणी विचारलं नाही. तुम्हीही नाही विचारलंत, पण तुम्ही दुसरं काहीतरी दाखवलंत.'

ते पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा मला आनंद झाला, हे लपवून उपयोग नाही. शिक्षकाला असं पत्र दहा-दहा वर्षं येत नाही. दुसऱ्यांदा वाचताना कोचबाईंचा चेहरा आठवला.

मी जिममध्ये गेलो. त्या एकट्याच, बूट आता काढलेला, बॉल मोजून जाळीत भरत होत्या. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"प्रोफेसर," त्या म्हणाल्या, "तुम्हाला फक्त गाडी चालवायला सांगितलं होतं."

मग त्या बॉल भरत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी दोन बॉल उचलून दिले. त्यांनी घेतले.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. न्हाव्याकडे मला बघून बोलणं थांबलं. डेल कुंपणापाशी आले, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "दगड." मग आत गेले. जोलीन म्हणाली, "तू मुलीचं भलंच केलंस." मग जरा थांबून म्हणाली, "पण कोचचं नाही केलंस." सव्वीस वर्षांच्या संसारात ती न्यायाच्या बाबतीत कधी चुकलेली नाही.

चौदा तारखेला दुपारी माझ्या खोलीतला फोन वाजला.

"सर, मी मारिसेला. एक विचारायचंय. ब्रिन नाही म्हणाली, तर माझी जागा आहे, की तीही गेली?"

पाटीवर पेन्सिलीने लिहिलेलं ते 'छोटी' मला आठवलं. तिला आमच्यापैकी कोणी पत्र पाठवलं नव्हतं, फोन केला नव्हता. ब्रिनच्या गठ्ठ्याला बांधून आलेली म्हणून तिला आम्ही मोजलं होतं, विचारलं नव्हतं.

"तुला यायचंय?"

"मला सहावीपासून यायचंय. मी तुमच्या संघाचे गेल्या वर्षीचे सगळे सामने पाहिलेत. शेवटचासुद्धा. तिघींनी बचाव चुकीच्या बाजूने लावला होता." कागद उलटल्याचा आवाज आला. "पण माझं धरूनही आठच होतात ना?"

"आठच."

"नववी मी आणली तर चालेल? येसेनिया आमच्या फुटबॉल संघाची गोलकीपर आहे. आपल्या कॉलेजात तिचा प्रवेश झालाय आधीच, नर्सिंगला. हात मोठे आहेत. बॉल पकडता येतो. टाकायला शिकवू."

फोन तिने केला होता, मी नव्हता केला. म्हणजे परीक्षेतल्या सतराव्या प्रश्नाप्रमाणे हे बोलणं नियमात बसत होतं. मी पहिल्या खेपेला नेमका तोच चुकलो होतो. मी कोचबाईंना बोलावून आणलं आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. त्या सुरुवातीला 'हं' म्हणत होत्या. मग खुर्चीत बसल्या. मग माझ्या टेबलावरची, विद्यार्थ्यांचे पेपर पालथे घालून त्यांच्या मागच्या बाजूला बचावाच्या आकृत्या काढू लागल्या. त्या दोघी फोनवर चाळीस मिनिटं भांडत होत्या, म्हणजे दोघीही आनंदात होत्या.

पंधरा तारखेला दोघींचे कागद सटरहून मार्शाबाईंनी शाळेच्या बसमधून आणून दिले. त्यांवर व्हर्नाबाईंची सही हवी होती, पण साडेचार वाजता त्या खोलीत नव्हत्या. त्या वाहनतळावर होत्या. मी धावत गेलो. माझ्या वयात आणि माझ्या बुटांत ते पाहण्यासारखं होतं असं ऐकलं. त्या माझ्याच गाडीच्या काचेवर चिठ्ठी लावत होत्या.

"व्हर्ना, सही."

त्यांनी बॉनेटवर कागद पसरले, प्रत्येक ओळ वाचली, एका ठिकाणी जन्मतारखेवर बोट ठेवून खात्री करून घेतली. पाचला सहा मिनिटं असताना सही केली, वेळ घातली आणि कागद माझ्या हाती दिले. दंडाची चिठ्ठी काढली नाही. मी ती काढायला सांगितलंही नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी पहिला घरचा सामना झाला. जिम भरली होती. डेल आणि ओपलबाई पुढच्या रांगेत, मी त्यांच्यापासून चार खुर्च्या लांब, कारण डेलनी मला अर्धवटच माफ केलं होतं. सामन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आम्ही हरत होतो, पण व्यवस्थित हरत होतो. मारिसेला कोर्टवर सतत बोलत होती, पंचांशीसुद्धा. येसेनिया बाकावर टाचा आपटत बसली होती.

नऊ मिनिटं बाकी असताना आमच्या सगळ्यात उंच मुलीची पाचवी चूक झाली. पंचांनी शिट्टी वाजवून तिला बाहेर जायला सांगितलं. कोचबाई सवयीने कोर्टवरच्या उरलेल्या चौघींकडे वळल्या, त्यांना जवळ बोलावून हातांनी चौघींचा बचाव आखू लागल्या. मारिसेलाने त्यांच्या दंडाला हात लावला आणि मागे बोट दाखवलं.

कोचबाई वळल्या. बाकावर चार मुली बसल्या होत्या.

त्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, पुन्हा पहिलीकडे. निवडायची वेळ त्यांच्यावर किती दिवसांत आली नव्हती कोण जाणे. पंच घड्याळ बघत होते.

"कोच," पंच म्हणाले, "कोणाला तरी पाठवा."

"हो," कोचबाई म्हणाल्या. "पाठवते. चला."

चौघीही एकदम उठून कोर्टकडे पळाल्या.

"बाई," पंच म्हणाले, "एकच."